भेदभाव कोण मोजतं?

महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यातला मजकूर ठिकठिकाणच्या लोकांना वाचून दाखवला होता. कुठे कुठे वाचला ते त्यांनी उपोद्घातात नोंदवलं आहे, आणि पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर या नावांच्या जोडीला तिथे पुण्याच्या पूर्वेकडच्या हडपसरचंही नाव आहे. त्याच्या दहा वर्षं आधी, १८७३ मध्ये, त्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं होतं. ते त्यांनी अर्पण केलं होतं काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या माणसाचं दास्य आणि शूद्रातिशूद्रांचं दास्य शेजारी ठेवून पाहायचं, हा विचार आपल्याकडे परदेशी विद्यापीठांतून आलेला नाही. तो पुण्याच्या गंज पेठेत लिहिला गेला.

आज त्याच पुण्यात सामाजिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थांची दाटी आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आहे, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था, डेक्कन कॉलेज आणि विद्यापीठातले विभाग आहेतच. एवढं असूनही एक साधा आकडा या शहरात मिळत नाही. हडपसरमध्ये भाड्याचं घर किंवा नोकरी मागायला गेलेल्या माणसाला केवळ आडनावामुळे, धर्मामुळे किंवा चेहऱ्यामुळे किती वेळा नकार मिळतो? या संस्थांनी काय केलं आणि काय राहिलं याचा आढावा घेताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याच्यावर अन्याय होतो त्याचं मागासलेपण आपण मोजत आलो. अन्याय करणाऱ्याचं वागणं मोजायचं काम जवळजवळ कुणी अंगावर घेतलेलं नाही.

जगात हे काम कसं उभं राहिलं ते आधी पाहू. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हा काळा अभ्यासक १८९६ साली फिलाडेल्फियाच्या एका वॉर्डात राहायला गेला आणि तिथल्या काळ्या कुटुंबांची घरोघर जाऊन माहिती घेऊ लागला. ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हे पुस्तक १८९९ मध्ये आलं. ज्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने त्याला हे काम दिलं, त्याने त्याला प्राध्यापकाची जागा मात्र दिली नाही. पुढे अटलांटा विद्यापीठात त्याने असे अभ्यास वर्षानुवर्षं चालवले. त्याचा प्रश्न साधा होता: काळ्या वस्तीचे म्हणून जे दोष सांगितले जातात, ते वस्तीचे किती आणि तिला कामावर न घेणाऱ्या, घर न देणाऱ्या शहराचे किती?

या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला हात घालायला बराच काळ गेला. ब्रिटनमध्ये १९६६-६७ साली पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग या संस्थेने एक पाहणी केली. एकाच नोकरीसाठी, एकाच घरासाठी तिने वेगवेगळी माणसं पाठवली: एक इंग्रज, एक गोरा परदेशी आणि एक वेस्ट इंडियन किंवा आशियाई. पात्रता सारखी, कपडे नीटनेटके, मागणी एकच. कुणाला होकार मिळतो, कुणाला ‘जागा भरली’ असं सांगितलं जातं, याची नोंद झाली. तोपर्यंत ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या मालकांचं आणि घरमालकांचं बोलणं या नोंदींपुढे टिकलं नाही. घर आणि नोकरी यांतला वंशभेद बेकायदा ठरवणारा कायदा तिथे १९६८ मध्ये आला, त्यामागे हा अहवाल होता. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने १९७७ पासून अशाच जोड्या पाठवून दर काही वर्षांनी देशभर पाहणी केली. गंभीर संशोधन कायद्यापर्यंत कसं पोचतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ब्रिटनमधलीच दुसरी गोष्ट संस्थांच्या स्वभावाविषयी आहे. इन्स्टिट्यूट ऑफ रेस रिलेशन्स १९५८ मध्ये स्वतंत्र झाली. उद्योगसमूह आणि प्रतिष्ठानांच्या देणग्यांवर ती चालायची. संस्थेने अभ्यास कुणासाठी करायचा, सरकारसाठी की भेदभाव सोसणाऱ्यांसाठी, यावरून १९७२ मध्ये कर्मचारी आणि सभासदांनी संचालक मंडळाला मतदानात हरवलं. देणगीदार निघून गेले. श्रीलंकेतून आलेले तमिळ ग्रंथपाल ए. सिवानंदन यांनी तुटपुंज्या पैशांत संस्था पुढे चालवली आणि ‘रेस अँड क्लास’ हे तिचं नियतकालिक जगभर वाचलं गेलं. उलट बाजूचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर २०२० मध्ये बोस्टन विद्यापीठात वंशवादविरोधी संशोधनाचं केंद्र निघालं, कोट्यवधी डॉलरच्या देणग्या आल्या, २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांना काढावं लागलं आणि २०२५ मध्ये ते बंद झालं. लाटेबरोबर आलेला पैसा लाटेबरोबर ओसरतो. चिवट काम लहान संस्था करतात.

आता आपल्याकडे. वंशाची कल्पना तपासून पाहण्याचं सगळ्यात नाट्यमय काम पुण्याच्या एका बाईंनी केलं, आणि तेही बर्लिनमध्ये बसून. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्रवंशीयांचा अभ्यास करून नाव कमावलेला हा माणूस, आणि त्याच्या विचारांचा पुढे नाझींनी पुरेपूर उपयोग केला. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा. त्यातून गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ असल्याचा शारीरिक पुरावा निघावा ही अपेक्षा होती. कवट्यांमध्ये आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. बाईंनी एकेक कवटी मोजली आणि निष्कर्ष दिला की फरक आहेत, पण त्यांचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, पंचविशीच्या आतबाहेरच्या एका मराठी विद्यार्थिनीने हे लिहून दिलं. आपल्या शाळांतल्या मुलांना ही गोष्ट माहीत नसावी याचं मला वाईट वाटतं.

डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि इरावतीबाई तिथे आल्या. मोजमापं त्यांनी सोडली नाहीत. वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या जातींची शारीरिक मापं १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. पण त्यांचा निष्कर्ष वसाहती मानववंशशास्त्राच्या विरुद्ध गेला. जात हा रक्ताचा वेगळा वंश नसून आपसात लग्नं करणाऱ्या नातलगांचा विस्तारलेला गोतावळा आहे, असं त्यांनी मांडलं. मालवणचे गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठात याच प्रश्नावर काम करत होते. त्यांचं ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ १९३२ चं. घुर्यांनी नाकाच्या मापांचे जे तक्ते दिले, तेच तक्ते हाती घेऊन डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’मध्ये दाखवलं की एकाच प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. दोन वर्षं आधी, १९४६ मध्ये, आंबेडकरांनी ड्यू बॉइसला पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. त्याचं उत्तरही आलं. म्हणजे जात हा वंश नाही हे शास्त्राने सांगत असतानाच, दोन्हीकडचा लढा एकाच प्रकारचा आहे हे बाबासाहेब जाणून होते.

हा बारकावा पुढे सरकारी भूमिकेत हरवला. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. दलित संघटनांनी तिथे जातीचा प्रश्न लावून धरला. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा विषय इथे नको, असं भारत सरकारचं म्हणणं. मला ही भूमिका चुकीची वाटते. वंश हीसुद्धा शरीरशास्त्राने सिद्ध झालेली गोष्ट नाही. ती माणसांनी माणसांवर लादलेली आहे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं, त्याला दूर ठेवणं आणि वर ते नैसर्गिक म्हणून सांगणं हा दोन्हीकडचा समान व्यवहार आहे, आणि अभ्यास व्यवहाराचाच करायचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक समितीने २००२ मध्ये जन्माधारित भेदभावाला आपल्या कक्षेत घेतलं ते याच कारणाने.

पुण्यात घरोघर जाऊन माहिती घेण्याची परंपरा जुनी आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी मिशन चालवता चालवता देशभर हिंडून सामग्री जमवली आणि १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ मराठीत दिला. हा विषय मराठीत, संशोधकाच्या शिस्तीने, इतक्या लवकर लिहिला गेला याचं मोल आपण नीट जाणलेलं नाही. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. कोणत्या जातीचा माणूस कोणतं काम करतो, किती कमावतो, कुठे राहतो, हे त्यातून दिसलं. पुढे फेरपाहणीही झाली. आजच्या पुण्याची, पूर्वेला हडपसर-मांजरी-फुरसुंगीपर्यंत पसरलेल्या शहराची, अशी जातवार आणि वस्तीवार पाहणी माझ्या वाचनात नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने हाती घेतलं. आदिवासी संशोधन संस्था १९६२ ची, बार्टीचं मूळ १९७८ मधलं. दोन्ही कॅम्पाजवळच्या क्वीन्स गार्डनमध्ये. सारथी २०१८ मध्ये मराठा-कुणबी समाजासाठी निघाली, २०१९ मध्ये नागपूरला इतर मागासवर्गीयांसाठी महाज्योती. मग खुल्या प्रवर्गासाठी अमृत, मातंग समाजासाठी आर्टी, अल्पसंख्याकांसाठी मार्टी. नावांमध्ये संशोधन आणि प्रशिक्षण असे दोन शब्द असतात. प्रत्यक्षात प्रशिक्षणाने संशोधनाला गिळलं आहे. स्पर्धा परीक्षांचे वर्ग, पीएच.डी.च्या फेलोशिपा, कौशल्य विकास, आणि या फेलोशिपांसाठी विद्यार्थ्यांची उपोषणं. हे वर्ग मी कमी लेखत नाही. वैदूवाडीच्या किंवा रामटेकडीच्या मुलाला यूपीएससीचा फुकट वर्ग मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि फेलोशिप महिनोन्‌महिने न मिळालेल्या मुलीचा संताप खरा आहे. पण प्रत्येक समाजाला स्वतंत्र संस्था दिल्याने एक वेगळंच घडलं. प्रत्येक संस्था आपल्या समाजाकडे पाहते. दोन समाजांच्या मधल्या जागेत, जिथे भेदभाव घडतो, तिथे पाहणारी संस्थाच उरली नाही.

वैदूवाडीचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. सोलापूर रस्त्यावर रामटेकडी आणि मगरपट्टा चौक यांच्या मधला हा थांबा रोज हजारो लोक बसमधून ओलांडतात. रस्त्याच्या पलीकडे मगरपट्टा सिटी आहे. शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमीन एकत्र करून उभी केलेली ही नगरी सहकारी धाटणीच्या विकासाचा नमुना म्हणून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत शिकवली जाते. वैदूंसारख्या भटक्या समाजांच्या वाट्याला अभ्यासकांची नजर आली ती वेगळ्या रीतीने. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. हा शुद्ध वंशवाद होता, आणि त्याला त्या काळच्या मानववंशशास्त्राचा आधार होता. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतींनी तो अनुभवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, संशय राहिला. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकूजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये केंद्राला अहवाल दिले. दोघेही मराठी. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचलेल्या माणसाला या अहवालांतले तक्ते जिवंत होऊन दिसतात. अहवालांवर पुढे जे व्हायला हवं होतं ते झालेलं नाही.

मागासलेपण मोजण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग आपण सगळ्यांनीच पाहिला. १९८० च्या मंडल आयोगाने अकरा निकष लावले होते. तीच पद्धत वाढवत गायकवाड आयोगाने २०१८ मध्ये सुमारे ४५ हजार कुटुंबांची पाहणी केली. त्यावर उभं राहिलेलं मराठा आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केलं. मग जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाची पाहणी निघाली. गोखले संस्थेने सॉफ्टवेअर तयार केलं, आणि महापालिकेचे कर्मचारी, शिक्षक मोबाइल घेऊन दारोदार फिरले. हडपसरच्या सोसायट्यांमध्येही ते आले. घर पक्कं की कच्चं, पाणी कुठून येतं, शिक्षण किती, कर्ज किती, विधवेला कुंकू लावू देता का, असे दीडशेच्या वर प्रश्न. घर आरक्षित प्रवर्गातलं निघालं की बाकीचे प्रश्न विचारायची गरज उरत नसे. सुमारे दीड कोटी कुटुंबांची माहिती जेमतेम दहा-अकरा दिवसांत गोळा झाली, १६ फेब्रुवारीला अहवाल गेला आणि २० तारखेला विधिमंडळाने कायदा केला. इतक्या घाईत गोळा केलेल्या माहितीवर माझा फारसा विश्वास नाही. पण त्याहून महत्त्वाचं हे की राज्याच्या इतिहासातल्या या अवाढव्य पाहणीत कुणालाही विचारलं गेलं नाही: तुम्ही तुमची खोली कुणाला भाड्याने द्यायला तयार नसता?

हा प्रश्न विचारणारा माणूस महाराष्ट्रानेच दिला. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात बाबासाहेबांनी उभारलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि अर्थशास्त्रज्ञ झाले. २००३ मध्ये दिल्लीत त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज काढली. पॉल अ‍ॅटवेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाबरोबर केलेला त्यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक नावाचा. काही अर्ज उच्चवर्णीय हिंदू नावाने, काही दलित म्हणून ओळखू येणाऱ्या नावाने, काही मुस्लिम नावाने. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. तीन वर्षं आधी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागो आणि बोस्टनमध्ये गोऱ्या आणि काळ्या वाटणाऱ्या नावांनी असेच अर्ज पाठवले गेले होते, आणि गोऱ्या नावांना दीडपट बोलावणी आली होती. थोरातांच्या संस्थेने पुढे दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबतही अशी तपासणी केली. तिथेही दलित आणि मुस्लिम नावांना नकार जास्त मिळाले. पुण्यात यातलं काही झाल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि नोकऱ्या तर आता मगरपट्ट्यात, खराडीत, फुरसुंगीच्या आयटी पार्कात आहेत.

दुसरी रीत सरळ विचारण्याची. २०११-१२ मध्ये मेरिलंड विद्यापीठ आणि एनसीएईआर यांच्या मानवविकास पाहणीत देशभरच्या सुमारे ४२ हजार कुटुंबांना विचारलं गेलं की तुमच्या घरात अस्पृश्यता पाळली जाते का. सुमारे २७ टक्क्यांनी हो म्हटलं. मध्य प्रदेशात निम्म्याहून अधिक घरांनी. महाराष्ट्राचा आकडा होता ४ टक्के. हा आकडा वाचून मान ताठ करावी का? थोडी जरूर करावी, कारण फुले, शाहू, आंबेडकर, शिंदे यांची चळवळ इथे घडली आणि अस्पृश्यता पाळतो असं म्हणायला इथे माणसाला लाज वाटते. लाज वाटणं हासुद्धा बदल आहे. पण लाज वाटणारा माणूस पाहणीत एक सांगतो आणि दारात दुसरं करतो, हेही तितकंच खरं असू शकतं. म्हणूनच महाराष्ट्रात विचारण्यावर थांबून चालणार नाही. इथे दारातच जाऊन पाहावं लागेल.

दारात काय होतं ते हडपसरमध्ये घर शोधलेल्या कुणालाही विचारा. ब्रोकरचा पहिला प्रश्न असतो, ‘पूर्ण नाव काय?’ नाव सांगून आडनाव टाळलं तर लगेच, ‘आडनाव?’ मग ‘मूळ गाव कुठलं?’ मग ‘व्हेज की नॉनव्हेज?’ शेवटी ‘ओनरशी बोलून कळवतो’. काही वेळा ‘सोसायटीचा रूल आहे’ असं ऐकू येतं, पण तो रूल कुठल्याच उपविधीत लिहिलेला नसतो. फोन परत येत नाही. ना पोलीस ठाण्यात नोंद होते, ना न्यायालयात खटला उभा राहतो, कारण कुणीच कुणाला काही अपमानास्पद बोललेलं नसतं. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा. पण खासगी घरमालकाने किंवा खासगी कंपनीने गुपचूप दिलेल्या नकाराला हात लावणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली, माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडा दिला. तो आराखडा तसाच पडून आहे.

नकार जेव्हा हिंसेचं रूप घेतो तेव्हाही संशोधनसंस्था तिथे नसतात. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातल्या तरुणांवर पुण्यात हल्ले झाले, अफवा पसरल्या आणि शिकायला, काम करायला आलेली ही मुलं गठ्ठ्याने गुवाहाटीच्या गाड्यांत बसून निघून गेली. २०१४ मध्ये केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येच्या लोकांवरच्या वंशद्वेषी अपमानांसाठी कायद्यात बदल सुचवला. तो झाला नाही. त्याच वर्षी, २ जूनला, हडपसरमध्ये आयटी कंपनीत काम करणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. फेसबुकवरच्या कुणाच्या तरी मजकुराने चिडलेल्या जमावाला त्याची दाढी आणि टोपी पुरेशी वाटली. जानेवारी २०२३ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. न्यायालय पुरावा पाहतं, ते त्याचं काम. पण त्या रात्रीपूर्वी आणि नंतर या उपनगरात कोण कुठे राहू लागलं, कुणी घर बदललं, कुणी पोशाख बदलला, हे शोधणं संशोधनाचं काम होतं. आपल्या शहरातल्या एवढ्या संस्थांपैकी एकीनेही ते हाती घेऊन लोकांसमोर ठेवलेलं माझ्या वाचनात नाही.

आकड्यांपलीकडचं काम महाराष्ट्रात झालं आहे आणि ते मोलाचं आहे. बाबा आढावांनी सत्तरच्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ची मोहीम काढली तेव्हा गावोगाव जाऊन कुणाचा पाणवठा कुठे आहे हे पाहिलं गेलं. ती चळवळ होती आणि पाहणीही होती. पुणे विद्यापीठातल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना संशोधनाचा दर्जा दिला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’त आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती छापल्या. एलिनॉर झेलियट आणि गेल ऑम्व्हेट या अमेरिकेतून आलेल्या अभ्यासक महाराष्ट्राच्या झाल्या. ऑम्व्हेट तर कासेगावला सून होऊन राहिल्या. साक्ष आणि मोजणी एकमेकींना पूरक आहेत. आपल्याकडे साक्ष भरपूर आहे.

मराठी माणसं अमेरिकेत गेली तशी जातही गेली, आणि तिथे तिची मोजणी सुरू झाली आहे. इक्वॅलिटी लॅब्जच्या २०१८ च्या अहवालात दोन तृतीयांश दलितांनी कामाच्या जागी भेदभाव झाल्याचं सांगितलं. २०२१ च्या कार्नेगीच्या पाहणीत भारतीय अमेरिकनांपैकी जेमतेम ५ टक्क्यांनी जातीवरून भेदभाव झाल्याचं नोंदवलं. दोन्ही आकडे एकमेकांविरुद्ध फेकले जातात. पहिल्या पाहणीत लोक स्वतःहून भाग घ्यायला आले होते, दुसरीत सगळ्या जातींचे लोक होते आणि त्यांत दलित फार थोडे. प्रश्न कुणाला विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, ते इथे उघड दिसतं. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घातली. कॅलिफोर्नियातलं तसं विधेयक त्याच वर्षी गव्हर्नरने अडवलं.

२०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जाती मोजल्या जाणार आहेत. हे व्हायलाच हवं होतं. त्यातून कोण किती आणि कुठे, हे कळेल. नकार कोण कुणाला देतं, ते त्यातून कळणार नाही. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. हडपसरमध्ये अण्णासाहेब मगर महाविद्यालय आहे, रयत शिक्षण संस्थेचं एस. एम. जोशी कॉलेज आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एका सत्रात भाड्याच्या घरांच्या दोनशे जाहिराती घ्याव्यात. सारख्या उत्पन्नाच्या, सारख्या नोकरीच्या, फक्त नावं वेगळी असलेल्या व्यक्ती म्हणून फोन करावेत आणि उत्तरं लिहून ठेवावीत. घरमालकाचं नाव कुठेही छापू नये. बार्टी आणि सारथीने एकत्र येऊन याला पैसे द्यावेत, कारण दोघींच्याही विद्यार्थ्यांना पुण्यात राहायला खोली लागते. अहवाल मराठीत लिहावा आणि हडपसरच्या लोकांसमोर वाचावा. आणि तुम्ही कुठल्या सोसायटीच्या कमिटीवर असाल, तर येत्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूचं आडनाव, धर्म आणि आहार विचारायचा नाही असा ठराव मांडा. तो मंजूर झाला की नाही ते इतिवृत्तात लिहिलं जाईल, आणि निदान तेवढी एक नोंद तरी आपल्या हाती येईल.